हातात असेल ते घेऊन

सालईबोडी, ता. सालेकसा
१२ नोव्हेंबर २०२५

ती. उर्वशीताईस ओमीचा नमस्कार,

पत्र बघून आधी घाबरशील, मग हसशील. हल्ली पत्र कोण लिहितं? पण काय करू, आमच्या गावात फोनची रेंज फक्त तलावाच्या पाळीवर येते, आणि पाळीवर कधीही जा, अर्धं गाव फोन कानाला लावून उभं असतं. तिथं उभं राहून "ताई, मला भीती वाटते" असं म्हटलं तर दिवे लागेपर्यंत गावभर होईल की पोलीस पाटलीणबाईच घाबरली. मग बाकीच्यांनी कोणाच्या तोंडाकडे बघावं? पोस्टातल्या भाऊंना सांगितलंय की मामेबहिणीला लोणच्याची कृती पाठवते आहे.

सोमवारी आमची चौकी रिकामी झाली. सहा जण होते. ट्रक आला, खाटा चढल्या, पेट्या चढल्या, कॅरमचा बोर्डसुद्धा चढला. भिंतीवरचं वायरलेस काढून नेलं, तिथं आता नुसते चार खिळे आहेत. मागे राहिले एकटे बिसराम हवालदार, तेही गुडघेदुखीवाले. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून त्या चौकीचा दिवा रात्रभर जळायचा. पूर्वी जंगलातल्या लोकांच्या, नक्षल्यांच्या, भीतीनं ती चौकी झाली. ती भीती आता राहिली नाही म्हणतात. पण दिवा गेल्यावर कळलं की सगळं गाव त्याच्या भरवशावर झोपत होतं.

त्यात ही नवी बातमी. छत्तीसगडकडून मुलं पळवणारी टोळी उतरली आहे म्हणे. लेकराला काहीतरी पाजतात, फडक्यात गुंडाळतात आणि नेतात. कोणी पाहिलंय का विचारलं, तर प्रत्येकाच्या मेहुण्यानं पाहिलंय. मी पाटलीण म्हणून सगळ्यांना सांगते, अफवा आहे, आणि घरी येऊन आचलला शाळेत सोडायला स्वतः जाते. आठ वर्षांची पोर माझ्या पदराला धरून चालते. आचलचे बाबा खाटेखाली कुऱ्हाड ठेवून झोपतात. परवा मांजरानं दुधाचं गंज पाडलं तर उठून दाराशी उभे. मी हसले नाही, कारण मीही उठून बसले होते.

तू पोलिसांच्या ऑफिसात, बदल्यांच्याच टेबलावर बसतेस. खरं सांग, आमची माणसं परत कधी येणार?

तुझी,
ओमी


गोंदिया
१९ नोव्हेंबर २०२५

चि. ओमीस आशीर्वाद,

अगं, पत्र ऑफिसच्या पत्त्यावर कायले पाठवलंस? साहेबांच्या डाकेत मिसळलं असतं तर आमची लोणच्याची कृती फाइलला लागली असती! यापुढे घरच्या पत्त्यावर पाठव.

तुझ्या चौकीचं ऐक. निवडणुका आहेत, सगळी माणसं बंदोबस्ताला ओढली आहेत. निवडणुका आटोपल्या की येतील परत. टेन्शन मत ले. लहानपणी आमच्या वाडीतलं बुजगावणं बघून रडणारी तू, तुला पोलीस पाटील कोणी केलं हेच मला कोडं आहे.

तोवर गावात ग्रामसुरक्षा दल उभं कर. पोलीस कमी आणि गावं जास्त, म्हणून आता सगळीकडे हेच चाललंय. वीसेक माणसं घे, शिट्ट्या घे, टॉर्च घे, एक इशारा ठरव. दोन गोष्टी मात्र गाठीला बांध. प्रत्येक टोल्यातला माणूस दलात हवा, एकही वस्ती सोडायची नाही. आणि कोणी अनोळखी सापडला तर हात लावायचा नाही. बसवायचं, पाणी द्यायचं, ठाण्याला कळवायचं.

आणि एक विचारू? पत्रातसुद्धा "आचलचे बाबा"? उमेंद्रभाऊजींचं नाव लिहिलंस तर काय शाई वाळणार आहे? मला तुझं लग्न आठवतं. उखाण्यात नाव घ्यायची वेळ आली आणि तू "उ"वर अडकलीस ती अडकलीसच. सगळा मांडव हसत होता. शेवटी कसंबसं घेतलंस, त्यानंतर बारा वर्षांत मी तुझ्या तोंडून ऐकलं नाही. पाटलीण झालीस, आता तरी घे!

तुझी,
उर्वशीताई


सालईबोडी
६ डिसेंबर २०२५

ती. ताईस नमस्कार,

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाई सांगत असत. मी मानते असं नाही. पण उगाच परीक्षा कोणी घ्यावी? तू हसत राहा.

दल उभं झालं! ग्रामपंचायतीसमोर सभा घेतली. बोलायला मीच उभी राहिले. इशारा कोणता ठेवायचा यावर तासभर वाद. शिट्टी शेतापर्यंत ऐकू जात नाही, भोंग्याला वीज नाही. शेवटी धनलालकाका उठले. ते रेल्वेत गँगमन होते, आता घरीच असतात. त्यांच्या गोठ्यात रुळाचा एक तुकडा पडलेला होता. तो साखळीनं चौकीसमोरच्या कडुनिंबाला टांगला, बाजूला हातोडा. काकांनी एक ठोका दिला तर तलावापलीकडचे बगळे उडाले, बाप्पा!

मग मी नियम सांगितला. घंटा वाजली की ज्याच्या हातात जे असेल ते घेऊन धावत यायचं. टॉर्च शोधत, चप्पल शोधत बसायचं नाही. लोकांना हे फार पटलं. पोरं घोषणेसारखं ओरडायला लागली: "हातात असंल ते घेऊन!" दलाचे प्रमुख म्हणून आचलच्या बाबांना निवडलं. मला संकोच वाटला, पण लोकांनीच नाव पुढे केलं.

वरच्या टोल्यातले मात्र घेतले नाहीत. आचलचे बाबा म्हणाले, "ते गोंड लोक आपल्याच नादात राहतात, माघात कचारगडच्या जत्रेची तयारी असते त्यांची, कायले त्रास देतं?" आणि कोणीतरी मागून म्हणालं की पूर्वी जंगलातल्यांना भाकरी कोण पोचवत होतं हे माहीत आहे ना. मी पुढचा विषय काढला. सभा जमत आली होती, ती मोडायची माझी हिंमत झाली नाही.

मंगळवारी पहिली घंटा झाली. कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यात रानडुकरं शिरली होती. विडी विझायच्या आत सगळं गाव जमलं, बायकासुद्धा. डुकरं पळाली, लोक हसत घरी गेले. त्या रात्री मी किती दिवसांनी सलग झोपले. ताई, ही सगळी तुझी कृपा.

तुझी,
ओमी


गोंदिया
१६ डिसेंबर २०२५

चि. ओमीस,

शाबास! साहेबांना तुझ्या घंटेचं सांगितलं, खूश झाले. बाकीच्या गावांना तुझा दाखला देतील म्हणाले.

वरच्या टोल्याचं मला पटलं नाही. घे त्यांना. आणि "हातात असेल ते" याऐवजी काठी म्हण, टॉर्च म्हण. शेतातल्या माणसाच्या हातात काय असतं हे तुला मी सांगावं का? वर्षाअखेरीची कामं डोक्यावर आहेत, जास्त लिहीत नाही.

तुझी,
उर्वशीताई


सालईबोडी
८ जानेवारी २०२६

ती. ताईस,

तू मला खोटं सांगितलंस.

काल बिसराम हवालदार चहाला आले होते. मी म्हटलं, आता निवडणुका होत आल्या, तुमचे सोबती येतील. ते कपाकडे बघत म्हणाले, "बाई, तुम्हाले कोणी सांगतलं? पदंच गेली इथली. दुसऱ्या ठाण्याले जोडली. मीबी जत्रेच्या बंदोबस्ताले चाललो, मंग परत येनं नाही." आणि चौकीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. "वस्तू काही नाही आत, पण किल्ली पाटलाजवळ असावी." ताई, तो कागद तुझ्याच टेबलावरून गेला असेल. मी लहान मूल आहे का, झोप म्हणून गोष्ट सांगायला?

राग त्याचा आहेच, पण पत्र वेगळ्याच कारणानं लिहिते आहे. मला पुन्हा भीती वाटायला लागली आहे, आणि या वेळी ती बाहेरच्यांची नाही.

गेल्या आठवड्यात चादरी विकणारा आला होता. दरवर्षी येतो, उत्तरेकडचा आहे, सायकलवर गठ्ठा असतो. पोरांनी घंटा वाजवली. मी शेतावर होते, पोचेपर्यंत त्याला कडुनिंबाला टेकवून बसवलं होतं. आधार कार्ड बघितलं, तेही खोटं म्हणाले. एकानं थोबाडीत मारली. तो माणूस रडला नाही, मला बघून नुसता म्हणाला, "दीदी, आप तो पहचानती हो." माझ्या घरात त्याच्या दोन चादरी आहेत. मी त्याला सोडवलं, पोरांना झापलं. पोरं खाली मान घालून हसत होती. त्यांना मजा आली होती, ताई. धानाचं काम संपलं, हाताला उद्योग नाही, आणि घंटा वाजवली की सगळं गाव धावत येतं.

घरी आचलच्या बाबांना म्हटलं, हे बरं नाही. ते म्हणाले, "त्याच्या गठ्ठ्यात लेकरू निंघालं असतं मंग? तू माफी मांगून राहिली असती का?" मागच्या आठवड्यात त्यांच्या फोनवर कोणीतरी चित्र पाठवलं, कुठल्या गावचं देव जाणे, मेलेल्या लेकराचं. ते चित्र ते पुन्हा पुन्हा बघतात. आचलला अंगणातसुद्धा एकटी जाऊ देत नाहीत. मी ज्या माणसाशी संसार केला तो बैलाला चाबूक मारायचा नाही. आता जेवताना त्यांचे कान बाहेर असतात.

खरं खरं उत्तर दे. गोष्ट नको.

ओमी


गोंदिया
१५ जानेवारी २०२६

ओमी,

हो, पदं गेली. तू पत्र लिहिलंस तेव्हा आदेशावर सही होऊन आठवडा झाला होता. तुला झोप लागावी म्हणून खोटं बोलले. चुकलं माझं. आता रागव, पण पुढचं नीट वाच.

घंटा उतरव. आजच. माघ पौर्णिमा एक फेब्रुवारीला आहे. कचारगडला लाखो माणसं येतील, छत्तीसगड, ओडिशा, तेलंगणा, कुठून कुठून. चालत येतील, लेकरं खांद्यावर घेऊन येतील, तुमच्या पाळीवरून जातील. त्यांची भाषा तुमच्या पोरांना कळणार नाही. त्या दिवसांत ठाण्याची एकही गाडी मोकळी नसते. म्हणजे काही झालं तर तू एकटी आहेस.

वरच्या टोल्यात स्वतः जा. रुख्माबाईशी बोल, तू सांगतेस ना, टोला तिचं ऐकतो. तूच एकदा सांगितलं होतंस की त्यांच्या टोल्यात यात्रेकरू मुक्कामाला असतात. भाऊजींनाही समजाव. पत्र मिळताच पाळीवर जाऊन फोन कर. लोकांनी ऐकलं तर ऐकू दे.

उर्वशीताई


सालईबोडी
३ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,

तू फोनवर "जिवंत आहेस ना" एवढंच विचारत राहिलीस आणि मी "हो" एवढंच म्हणत राहिले. मागे लोक उभे होते. आता लिहिते. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

घंटा उतरवली नव्हती. तुझं पत्र मिळालं तसा विषय काढला होता. दलानं ऐकलं नाही. जत्रेतच तर चोर येतात, म्हणाले. वरच्या टोल्यात जायचं मी आजउद्या करत राहिले. मी हातोडा तेवढा घरी आणून ठेवला, वाटलं झालं काम. लोखंडावर दगडही वाजतो हे माझ्या डोक्यात आलं नाही.

रविवारी दुपारी मी ओट्यावर तांदूळ पाखडत होते. घंटा सुरू झाली. एक ठोका नाही, सारखी. मीही धावले, आणि धावताना कळलं की सूप माझ्या हातातच आहे. नियम माझाच होता ना!

एक म्हातारा, एक म्हातारी. म्हाताऱ्याच्या खांद्यावर लेकरू, डोक्यापासून फडक्यात गुंडाळलेलं. ती चार वर्षांची नात होती, तापानं फणफणलेली, ऊन लागू नये म्हणून झाकलेली. पण हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की लेकरू हलत नाही. नळावर ते पाणी मागायला थांबले, कोणीतरी विचारलं लेकरू कोणाचं, त्यांना कळलं नाही, ते त्यांच्या बोलीत काहीतरी बोलले आणि घाबरून चालायला लागले. एवढं पुरलं.

उन्हाळी धानाची रोवणी चालली आहे. लोक शेताच्या बांधीतून तसेच आले, चिखलाच्या पायांनी, कोणाच्या हातात फावडं, कोणाच्या काठी, कोणाच्या कुऱ्हाड. ताई, सगळी ओळखीची माणसं. ज्यांच्या घरची बाळंतपणं मी केली, ज्यांचे दाखले मी लिहून दिले. पण चेहरे ओळखीचे नव्हते. "औषध पाजलं पोरीले! पाहा, मान टाकली!" असं कोणीतरी ओरडलं आणि पहिला दगड आला. तो म्हाताऱ्याच्या डोळ्याच्या वर लागला. तो खाली बसला, पण पोरीला सोडलं नाही.

मी मध्ये कशी घुसले मला आठवत नाही. पोरीच्या डोक्यावर सूप धरलं. दुसरा दगड सुपावर आला, सुपाला भोक पडलं. चौकीची किल्ली माझ्या कमरेला होती. चार पावलांवर दार. म्हातारीला ढकललं, म्हाताऱ्याला ओढलं, आत घेतलं, कडी लावली.

आत काही नाही, ताई. खाट नाही, मडकं नाही, वायरलेसच्या जागी चार खिळे. रेंज नाही. आणि बाहेर सगळं गाव. दारावर काठ्या बसत होत्या. एक आवाज सारखा येत होता, "दार उघड, नाही तर तुलेबी सोडत नाही." मी पाठ दाराला लावून उभी होते आणि प्रत्येक धक्का माझ्या पाठीत बसत होता. म्हातारी तोंडात पदर कोंबून बसली होती. मला लघवी झाली. हे तुला सांगते, दुसऱ्या कोणाला नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. मग आवाज कमी झाले. खिडकीशी कोणीतरी हळूच गोंडांचा रामराम घातला, "जय सेवा." पोरीनं त्या तापातही डोळे उघडले आणि म्हणाली, "जय सेवा."

रुख्माबाई होती. वरच्या टोल्यातल्या सगळ्या बाया घेऊन आली होती. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. नियम त्यांना कोणी सांगितलाच नव्हता ना. त्या येऊन चौकीच्या पायऱ्यांवर बसल्या, खांद्याला खांदा लावून. रुख्माबाई म्हणाली, "हे माहे पाहुणे होत. तीन वर्षं झाली, माह्याच घरी उतरतात. त्याहिची टोळी पुढं निंघाली, पोरीच्या तापानं हे मागं राहिले. आता कोणाले माराचं हाय, त्यानं आधी मले मारा." मग एक गेला, दुसरा गेला. फावडी खांद्यावर टाकून, काम आटोपल्यासारखे.

टोल्यातल्या एकीनं पाळीवरून ठाण्याला फोन लावला होता, गाडी दिवेलागणीला आली. त्या तिघांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. दगड कोणी मारला असं ठाण्याच्या साहेबांनी विचारलं, मी म्हटलं, गर्दीत दिसलं नाही. पुन्हा बोलावतील, जबाब घ्यायला.

आचल बरी आहे. त्या दुपारी ती शेजारणीकडे, चंद्रकांताकडे, खेळत होती.

ओमी


गोंदिया
७ फेब्रुवारी २०२६

माझ्या ओमीस,

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात दार लावून वाचलं.

म्हाताऱ्याला इकडे गोंदियाला आणलं आहे. मी जाऊन भेटले, डबा घेऊन गेले. सुकराम नाव आहे. डोळा वाचेल की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत. पोरीचा ताप उतरला, ती खाटेखाली बसून बिस्किट खात होती. म्हातारी माझा हात धरून काहीतरी विचारत होती. नर्सनं दुसऱ्या पेशंटच्या बाईकडून विचारून घेतलं. ती विचारत होती, "ती सुपवाली बाई कशी आहे?"

आता जे लिहिते ते बहीण म्हणून, ऑफिसातली म्हणून नाही.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. त्यात नळ आहे, चिखल आहे, सूप आहे, चंद्रकांतासुद्धा आहे. आचलचे बाबा कुठेच नाहीत. दलाचे प्रमुख ते, आणि घंटा झाल्यावर ते कुठे होते, हे तू एका ओळीनं लिहिलं नाहीस. जी बाई लोणच्याच्या पत्रातही नवऱ्याला आणते, तिच्या या पत्रात तो नाही. मी विचारत नाही, ओमी. मला सांगू नकोस.

जबाबात "दिसलं नाही" म्हण. मी रोज असे कागद बघते, शंभर माणसांच्या गर्दीत कोणाला काही दिसत नसतं. तुला त्याच घरात राहायचं आहे, त्याच विहिरीचं पाणी भरायचं आहे. आचलचा विचार कर. मी हे लिहिलं आहे हे मला विसरायचं आहे. वाचून चुलीत टाक.

उर्वशीताई


सालईबोडी
१२ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,

तुझं पत्र चुलीत टाकलं. पण आधी तीनदा वाचलं, आणि एकदा तर ठरवूनही टाकलं, की दिसलं नाही असंच म्हणायचं.

तुला खरं सांगते. पहिला दगड त्यांचा होता. ते बांधीतून धावत आले तेव्हा कोणीतरी ओरडलं, "पोरगी आहे फडक्यात." आणि त्यांनी सकाळपासून आचलला पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं आपली आचल. तो दगड मी समजू शकते. मी आई आहे, माझ्या हातात सूप नसून दगड असता तर मीही मारला असता कदाचित. पण फडकं सरकलं, पोरीचं तोंड दिसलं, मी ओरडून सांगितलं, "आपली नाही, आपली आचल नाही!" आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि दुसरा दगड उचलला. माझ्याच दिशेनं. पहिला भीतीनं मारला, दुसरा कशानं मारला ते मला अजून कळत नाही. त्यांनाही कळत नसावं. दारावर "दार उघड" म्हणणारा आवाज त्यांचाच होता. बारा वर्षं मी त्या आवाजाला दार उघडत आले.

तेव्हापासून ते घरात बसून असतात. आचलला जवळ घेतात आणि सोडून देतात. बोललो नाही एकमेकांशी. पण गाव बोलतं. नळावर मला कोणीतरी म्हणालं, "पाटलीणबाई, गाव आपलंच आहे ना?" गोड आवाजात म्हणालं. आता मी पिठाच्या गिरणीत गेले तरी लोकांच्या चेहऱ्याआधी त्यांच्या हातांकडे बघते. पूर्वी रात्री भीती वाटायची, आता भर दुपारी वाटते.

काल साहेब आले. चौकीतच टेबल मांडलं, रुख्माबाईच्या घरून खुर्ची आणली. लिहायला बिसराम हवालदारच होते, त्यांना मुद्दाम पाठवलं होतं गाव ओळखतात म्हणून. आधी सगळ्यांना बोलावलं. सगळ्यांना दिसलं नव्हतं. मग मला.

"पहिला दगड कोणी मारला?"

मी दाराकडे बघितलं. दारावर काठ्यांचे वळ अजून आहेत. मला तुझं पत्र आठवलं, आणि त्या म्हातारीचं, "सुपवाली बाई कशी आहे?"

मी म्हटलं, "आचलच्या बाबानं."

साहेबांनी मान वर केली. "नाव सांगा."

बिसरामांची लेखणी थांबली होती. त्यांना ठाऊक आहे आमच्याकडची रीत. ते हळूच म्हणाले, "साहेब, घरच्याचं नाव नाही घेत त्या. मी लिहून घेतो, मले माहीत आहे." त्यांना मला सोडवायचं होतं. सोपं होतं ते. नाव दुसऱ्याच्या हातानं कागदावर गेलं असतं आणि उद्या मी घरी सांगू शकले असते, मी कुठे घेतलं?

मी म्हटलं, "थांबा हवालदार. मी सांगते."

"उ"वर अडकले, ताई. तसंच, मांडवात अडकले होते तसंच. मग घेतलं. उमेंद्र धनेंद्र पटले.

बाहेर आले तर ते कडुनिंबाखाली उभे होते. साखळी आता रिकामी आहे, रुळाचा तुकडा पोलिसांनी नेला. त्यांनी विचारलं, "घेतलं?" मी म्हटलं, "हाव." ते सरळ गाडीत जाऊन बसले. मी पायऱ्यांवर बसून राहिले. मग रुख्माबाई येऊन शेजारी बसली.

रात्री आचलनं विचारलं, बाबा कधी येतील? तिला गोष्ट सांगितली नाही. माहीत नाही म्हटलं. दाराला आतून कडी लावली, गावाची भीती वाटते म्हणून. खाटेखालची कुऱ्हाड काढून बाहेर ठेवली, तिचीही वाटते म्हणून. झोप आली नाही. सासूबाई म्हणत असत तसं खरंच आयुष्य कमी होतं का, हेच डोक्यात फिरत होतं.

मांडवात नाव घेतलं तेव्हा तुम्ही सगळे हसला होता. काल कोणी हसलं नाही.

तुझी,
ओमी